संकष्टीला कातळावर, एकादशीला पुळणीवर : किनाऱ्याच्या छायाचित्रणाविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात हेदवीच्या बामणघळीत उसळणाऱ्या लाटेचे माझे छायाचित्र आणि त्यासोबत चार ओळींचे टिपण प्रसिद्ध झाले. त्यानंतर समुद्रकिनाऱ्याच्या छायाचित्रणाविषयी बरीच पत्रे आली. काहींनी कॅमेऱ्याविषयी विचारले आहे, काहींनी जागांविषयी, तर काहींनी मी या वाटेला कसा लागलो याविषयी. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आपण लग्नसमारंभांची छायाचित्रे काढता, असे टिपणात वाचले. तेथून किनाऱ्याकडे कसे वळलात? त्यासाठी वेगळे शिक्षण घेतले का? (एक वाचक, कराड)

उत्तर : वेगळे शिक्षण घेतले नाही, आणि लग्नाची कामेही सोडलेली नाहीत. १९९० च्या दशकात चिपळुणातील एका स्टुडिओत मी मदतनीस म्हणून लागलो. दिवसा पासपोर्टचे फोटो, रात्री डार्करूममधील कामे आणि मुहूर्तांच्या दिवसांत बॅगा उचलून मालकांच्या मागोमाग मांडवात फिरणे, असा क्रम होता. गुहागरच्या एका लग्नात शेवटच्या पंगती उठल्यावर रोलमध्ये तीन फ्रेम उरल्या होत्या. त्या वाया जाऊ नयेत म्हणून मी सुरूच्या बनातून पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उतरलो आणि मावळत्या सूर्याचे तीन फोटो काढले. रोल धुतल्यावर पाहतो तो सूर्याच्या जागी पांढरा डाग, पुळणीच्या जागी काळा पट्टा आणि क्षितिज एका अंगाला कललेले. मालकांनी ते प्रिंट हातात घेऊन एकच गोष्ट विचारली : त्या वेळी पाणी चढत होते की उतरत होते? मला सांगता आले नाही. अर्धा तास समुद्रासमोर उभे राहूनही ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, याची मला फार लाज वाटली, आणि खरे म्हणजे त्या लाजेतूनच पुढचे सगळे सुरू झाले.

त्यानंतर मी हेदवीला जाऊ लागलो. तेथील उमामहेश्वराच्या देवळामागे कातळात एक अरुंद, खोल भेग आहे, तीच बामणघळ. भरतीच्या वेळी लाट त्या भेगेत शिरते, पुढे वाट न मिळाल्याने दाबली जाते आणि फवारा होऊन वर उडते. हे मी नुसते ऐकले होते. सलग चार खेपा मी सुट्टीच्या सोयीने गेलो आणि चारही वेळा घळ कोरडी होती. चौथ्या खेपेस खडपांवर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, कालवे (खडकाला चिकटलेले शिंपले) काढणाऱ्या एक वयस्कर बाई माझ्याकडे बराच वेळ पाहत होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, “आज अष्टमी. आता दुपारची सुकतीच असायची. पाणी बघायचं तर अवसेला जेवणवेळेला ये.” सुकती म्हणजे ओहोटी. मी अवसेला दुपारी गेलो. घळीतून उडालेले पाणी कातळावर माझ्या डोक्याहून उंच गेले आणि भिजलेला कॅमेरा शर्टाने पुसत मी बराच वेळ तेथेच उभा राहिलो. माझे किनाऱ्याचे शिक्षण कोणी केले असे विचारले, तर स्टुडिओच्या मालकांच्या जोडीला मी त्या बाईंचे नाव घेईन, पण ते विचारून घेण्याचे तेव्हा मला सुचले नाही.

त्या दिवसापासून एक वही ठेवली. तीत तारीख, तिथी, वेळ, वारा, अ‍ॅपर्चर (भिंगाच्या छिद्राचा आकडा) आणि शटर (फिल्मवर किती वेळ प्रकाश पडला) यांची नोंद करायची आणि रोल धुऊन आला की प्रत्येक फ्रेमपुढे शेरा लिहायचा. पुढे काही वर्षे मी स्लाइड फिल्म वापरली. तिच्यात अर्ध्या स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे) चूकही झाकली जात नाही, त्यामुळे वहीतील शेरे बरेच कठोर आहेत. मांडवातील कामाचा उपयोग झाला नाही असे मात्र नाही. शालूची जर आणि लाटेचा फेस या दोहोंची अडचण एकच आहे : प्रकाश किंचित जास्त झाला की त्यांतील बारकावा जातो आणि तो मागाहून कशानेही परत मिळत नाही. शिवाय अंतरपाट दूर होण्याचा क्षण पुन्हा मागता येत नसल्यामुळे, आधी जागा धरून, सगळे मोजून, शांतपणे थांबण्याची सवय लागलेली होती. कातळावर उभे राहिल्यावर तीच सवय कामी येते.

प्रश्न : आम्ही शनिवार-रविवारी कोकणात जातो. छायाचित्रासाठी भरती चांगली की ओहोटी, आणि तिची वेळ आधी कशी काढावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : या प्रश्नाला मी सर्वांत अधिक जागा देणार आहे, कारण माझ्या मते किनाऱ्याच्या छायाचित्रणातील निम्मे काम येथेच होते.

आपल्या किनाऱ्यावर चालत आलेला हिशोब असा की, तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरावी धरली तर सव्वाअकरा. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणजे दुपारी तीनला भरती असेल तर पहाटेही तीनच्या थोडी आधी एक भरती होऊन गेलेली असते, आणि दोहोंच्या मध्ये, सहा-सव्वासहा तासांवर, पूर्ण ओहोटी येते. मुंबईकडे प्रत्यक्ष वेळ या हिशोबापेक्षा थोडी उशिरा येते आणि दक्षिणेकडे जावे तसतशी ती अलीकडे सरकते. म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या छापील किंवा मोबाइलवरील तक्त्यातूनच घ्यावी. तरीही दिनदर्शिकेवर नजर टाकून महिन्याचा बेत आखायला हा पाऊणपटीचा हिशोब पुरेसा आहे.

आता याचा छायाचित्राशी संबंध पाहा. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी येते, म्हणजेच पूर्ण ओहोटी सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आसपास पडते, आणि ती उधाणाची असल्यामुळे पाणी सर्वांत दूर जाते. मऊ प्रकाशात ओली पुळण, वाळूवरील वळ्या आणि मागे राहिलेली डबकी हवी असतील, तर हे दिवस. पौर्णिमेच्या पहाटे आणखी एक लाभ असतो : पूर्वेला उजाडत असताना पूर्ण चंद्र समुद्रात मावळत असतो. उलट, अष्टमीच्या आसपास सूर्यास्ताला भरती असते, पण ती भांगाची, म्हणजे सौम्य. कातळाच्या पायथ्याशी पाणी हवे आहे आणि लाट मात्र अंगावर यायला नको, अशा चित्राला ती उपयोगी पडते.

माझ्या आवडीची वेळ या दोहोंच्या मधली आहे. तृतीया ते पंचमी, म्हणजे सोप्या भाषेत संकष्टी किंवा विनायकीच्या आसपास, भरती दुपारी तीनच्या सुमारास होऊन जाते आणि सूर्यास्ताला पाणी अर्ध्यावर उतरलेले असते. कातळ नुकतेच उघडे पडलेले, अजून ओले आणि म्हणून आकाशाचा रंग धरणारे असतात. प्रत्येक लाट मागे जाताना खडकांच्या फटींतून पांढऱ्या रेघा ओढत जाते, आणि आपण उभे असतो तेथून समुद्र दूर चाललेला असतो. एकादशी-द्वादशीच्या संध्याकाळी नेमके उलटे घडते. भरती साडेआठ-नऊची, म्हणजे सूर्य मावळताना पाणी आपल्या पाठीमागच्या वाटेकडे निघालेले असते आणि ते पूर्ण चढेल तेव्हा अंधार पडलेला असेल. म्हणून माझ्याबरोबर येणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगून ठेवले आहे : संकष्टीला कातळावर, एकादशीला पुळणीवर.

प्रश्न : हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणामार्गावर छायाचित्रे काढायची आहेत. किती धोका आहे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जागा असामान्य आहे. लाटांनी डोंगराचा पायथा कापून तयार केलेला कातळाचा ओटा, त्याला लागून उभे कडे आणि खाऱ्या पाण्याने कातळात कोरलेले मधाच्या पोळ्यासारखे खळगे येथे हाताच्या अंतरावरून पाहता येतात. तिरप्या प्रकाशात त्या खळग्यांच्या सावल्या फार सुंदर पडतात. पण तो ओटा समुद्राचा आहे, भरतीत तो मार्ग पाण्याखाली जातो आणि तेथे माणसे वाहून गेलेली आहेत.

पाणी सहा तास एकाच गतीने चढत नाही, ही गोष्ट येथे नीट समजून घ्यावी. पहिल्या तासात एकूण चढाच्या सुमारे बाराव्या हिश्शाएवढेच पाणी वाढते, त्यामुळे आपल्याला पुष्कळ वेळ आहे असे वाटते. तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मात्र निम्मा चढ होऊन जातो. माणसे फसतात ती याच दोन तासांत. ओहोटीचा तळ गाठण्याच्या दीड तास आधी जावे आणि तळ गाठला की परतीला लागावे. तेथील स्थानिक लोक किंवा फलक थांबायला सांगत असतील, तर वाद न घालता थांबावे. पावसाळ्यात या मार्गावर जाऊच नये.

माझी स्वतःची चूकही सांगतो. वेळणेश्वरच्या बाजूला एकदा एकादशीच्या संध्याकाळी रंग फार चढले म्हणून मी एका खडपावर वीस मिनिटे अधिक थांबलो. मागची चर भरली. कॅमेरा गळ्यात अडकवून कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आलो, पण ट्रायपॉड तेथेच राहिला आणि सकाळी तो जागेवर नव्हता. त्या फ्रेम वहीत नोंदलेल्या आहेत, पण मी त्या कधी कोणाला दाखवल्या नाहीत.

प्रश्न : लाटा दुधासारख्या किंवा धुक्यासारख्या दिसतात ती छायाचित्रे कशी काढतात? त्यासाठी कोणता फिल्टर घ्यावा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : शटर बराच वेळ उघडे ठेवले की हलणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात, आणि स्थिर कातळ मात्र जसाच्या तसा राहतो. दिवसा एवढा वेळ शटर उघडे ठेवले तर चित्र पांढरे पडेल, म्हणून काचेसमोर एनडी फिल्टर लावून प्रकाश कमी करायचा. हिशोब सोपा आहे. फिल्टर नसताना शटर सेकंदाचा तिसावा भाग येत असेल, तर तीन स्टॉपच्या फिल्टरने ते पाव सेकंदावर, सहा स्टॉपच्या फिल्टरने दोन सेकंदांवर आणि दहा स्टॉपच्या फिल्टरने सुमारे अर्ध्या मिनिटावर जाते. ट्रायपॉड भक्कम हवा, त्याचे पाय वाळूत दाबून रोवावेत आणि लाट पायांखालची वाळू ओढून नेत असताना शटर उघडू नये. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर आठ ते अकराच्या दरम्यान ठेवावे. बावीसपर्यंत बंद केले तर शटर लांबते खरे, पण चित्राची धार बोथट होते.

दहा स्टॉपचा फिल्टर नवीन घेतला की सगळा समुद्र दुधाचा करून टाकण्याचा मोह होतो. मलाही तो दोन हिवाळे झाला. आता मी तसे क्वचितच करतो, कारण अर्ध्या मिनिटाच्या उघडीपीत देवगडची लाट आणि तलावातले पाणी यांत फरकच उरत नाही. लाटेचा जोर, ती कोणत्या बाजूने आली आणि कोठे फुटली, हे सारे पुसले जाते. मला पाव ते एक सेकंद पुरतो. लाट फुटून परत फिरली की लगेच शटर दाबावे, म्हणजे फेसाच्या रेघा चित्राच्या आतल्या बाजूला, समुद्राकडे ओढल्या जातात आणि पाहणाऱ्याची नजर त्यांच्यामागे जाते. लाट येत असताना शटर दाबले तर हे साधत नाही. सूर्य मावळून पंधरा मिनिटे झाली की एवढा वेळ फिल्टरशिवायही मिळू लागतो. म्हणून पहिली दोन वर्षे फिल्टर घेऊच नये आणि ते पैसे चांगल्या ट्रायपॉडवर घालावेत, असा माझा आग्रह आहे.

रत्नागिरीला जाणाऱ्यांसाठी एक पुरवणी. तेथे रत्नदुर्गाच्या एका अंगाला मांडवीचा काळ्या वाळूचा समुद्र आहे आणि दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. कॅमेऱ्याचा मीटर समोरच्या सगळ्याला मध्यम करडे समजतो, त्यामुळे काळी वाळू तो उगाच उजळ करतो आणि पांढरी वाळू मळकट. मांडवीला एक स्टॉप कमी द्यावा आणि पांढऱ्या समुद्रावर तेवढाच वाढवावा. एका संध्याकाळी दोन्हीकडे जाऊन हे करून पाहिले, तर प्रकाशमापन कायमचे समजेल.

प्रश्न : आकाश वेगळ्या छायाचित्रातून घेऊन समुद्राला जोडणे ही फसवणूक आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हा प्रश्न छायाचित्रणाएवढाच जुना आहे. फ्रान्समधील ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी छायाचित्रे काढली, त्यांतील काहींमध्ये आकाश आणि पाणी यांच्या वेगवेगळ्या काचेच्या निगेटिव्ह वापरून ती क्षितिजरेषेवर जोडलेली आहेत. त्या काळचे रसायन निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील होते, त्यामुळे समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश जळून पांढरे व्हायचे. एकाच काचेत दोन्ही मिळवणे जवळजवळ अशक्य होते, म्हणून त्यांनी तो मार्ग काढला.

आजच्या कॅमेऱ्याला ती अडचण नाही. एकाच जागेवरून, एकाच मिनिटात, एक फ्रेम आकाशासाठी आणि एक पाण्यासाठी घेऊन जोडली, तर मी तिला चुकीचे म्हणणार नाही. डोळ्यांना जे एकत्र दिसत होते तेच ती दाखवते. पण महाबळेश्वरचे ढग कुणकेश्वरच्या समुद्रावर आणून ठेवणे मला मान्य नाही. पाण्यात त्या ढगांचे प्रतिबिंब नसते, कातळावर त्यांचा प्रकाश नसतो, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला हे पहिल्या नजरेत कळते. स्पर्धेला किंवा मासिकाला चित्र पाठवताना काय जोडले आहे ते लिहून द्यावे.

प्रश्न : कोकणात समुद्रातून सूर्योदय दिसत नाही. मग पहाटे उठण्याचा उपयोग काय? आणि कोणता ऋतू चांगला? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : पहाट मी कधीच सोडत नाही. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, त्यामुळे पहाटे किनाऱ्याजवळचे पाणी शांत असते. दुपारनंतर खारे वारे सुटले की पाण्यावर चुरचुरीत लाटा उठतात आणि काचेवर मिठाचा थर बसू लागतो. पहाटेचा प्रकाश पाठीमागून, डोंगरांवरून येतो आणि समोरच्या समुद्राला हलका गुलाबी-निळा रंग देतो. तो रंग सूर्यास्ताइतका भडक नसतो, पण चित्रात अधिक काळ टिकतो. पाण्यावरच सूर्य उगवलेला हवा असेल, तर खाडीच्या मुखाशी जावे. देवबागेला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आहे. तेथे सकाळी नदीवर सूर्य उगवतो आणि संध्याकाळी समुद्रात मावळतो, आणि मधली वाळूची पट्टी चालत ओलांडता येते.

ऋतूंमध्ये माझी पहिली पसंती पाऊस संपतानाच्या आणि संपल्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांना आहे. हवा धुतलेली असते आणि ढग अजून पूर्ण गेलेले नसतात. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी अधिक नितळ असते, पण आकाश बहुधा कोरे. मे महिन्याच्या शेवटी वळवाचे ढग पुन्हा मोठी चित्रे देतात. पावसाळ्यात नद्यांच्या गाळाने समुद्र तांबूस-करडा होतो. तो मला आवडतो, पण तो उंचावरून, किल्ल्याच्या तटावरून किंवा सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) पाहावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा झापांनी शाकारून ओढून ठेवलेल्या होड्यांच्या रांगा बंदरोबंदरी दिसतात, आणि नारळी पौर्णिमेनंतर हे दृश्य पालटते.

आणखी एक गोष्ट वहीत असावी. सूर्य वर्षभर एकाच ठिकाणी मावळत नाही. आपल्या किनाऱ्यावर डिसेंबरअखेरीस तो पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनअखेरीस जवळजवळ तेवढाच उत्तरेला. एखादा खडक किंवा दीपगृह आणि सूर्यबिंब एका रेषेत हवे असेल, तर तो योग वर्षातून मोजक्या दिवशीच येतो. त्याच दिवशी संकष्टी आली तर उत्तमच, पण मला त्यासाठी एकदा तीन वर्षे थांबावे लागले.

प्रश्न : माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. सुरुवात करता येईल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : अवश्य. क्षितिजावर आणि सूर्याच्या बाजूच्या आकाशावर बोट ठेवून प्रकाश थोडा कमी करावा, झूम करण्याऐवजी पुढे चालत जावे, आणि लहान ट्रायपॉड मिळाला तर संधिप्रकाशात रात्रीच्या मोडवर दोन-तीन सेकंदांची फ्रेम घेऊन पाहावी. काच दर दहा मिनिटांनी पुसावी. वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. पहाटे एकटीने किनाऱ्यावर जाण्यास घरून परवानगी मिळत नाही. शिवाय मच्छीमारांचे फोटो काढावेत की नाही, याचाही संकोच वाटतो. (एक वाचक, दापोली तालुका)

उत्तर : घरच्यांची काळजी रास्त आहे, आणि ती दूर करण्याचा मार्ग आपल्या तालुक्यातच आहे. निर्जन पुळणीऐवजी बंदरापासून सुरुवात करा. हर्णैच्या बंदरात मासळीच्या लिलावाच्या वेळी माणसांची, त्यातही स्त्रियांची, मोठी वर्दळ असते. मासळीने भरलेल्या टोपल्या, पाण्यात उतरलेल्या बैलगाड्या आणि मागे सुवर्णदुर्ग, एवढे सगळे एका ठिकाणी फार थोड्या बंदरांत मिळते. पहिल्या दोन खेपांना कॅमेरा पिशवीतच ठेवा. मासळी विकत घ्या, ओळख करून घ्या, आपण कोणाच्या कोण हे सांगा. तिसऱ्या खेपेला विचारून फोटो काढा आणि चौथ्या खेपेला त्यांचे प्रिंट नेऊन द्या. लिलाव ऐन रंगात असताना मध्ये उभे राहू नये, कारण तो त्यांच्या दिवसभराच्या कमाईचा क्षण असतो. नाही म्हणणाऱ्या व्यक्तीचा फोटो लांबूनही काढू नये. अशी ओळख झाली की एखादी मावशीच आपल्याला पहाटेच्या खडपांवर बरोबर घेऊन जाईल, आणि घरच्यांनाही ते चालेल.

प्रश्न : जलदुर्गांवर ट्रायपॉड आणि ड्रोन चालतात का? (दोन वाचक, मुंबई आणि मालवण)

उत्तर : सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि जंजिरा ही संरक्षित स्मारके आहेत. तेथे ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची आधी परवानगी घ्यावी लागते. ड्रोनबाबत २०२१ च्या नियमांनुसार हिरवे, पिवळे आणि लाल अशी क्षेत्रे ठरलेली आहेत, ती सरकारी नकाशावर त्याच दिवशी तपासावीत. माझे मत विचाराल तर किल्ल्याचे चित्र समोरच्या किनाऱ्यावरून अधिक चांगले येते. तेथून किल्ला आणि त्याला वेढणारा समुद्र यांचे नाते दिसते. नियमांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो : वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात जात असताना फ्लॅश किंवा बॅटरी अजिबात वापरू नये, कारण ती प्रकाशाच्या दिशेने भरकटतात.

प्रश्न : मी ब्रिस्टलजवळ राहतो. तिथीचा हिशोब येथे चालेल का? (एक वाचक, इंग्लंड)

उत्तर : चंद्राचा नियम तोच, पण प्रत्येक बंदराचा चंद्राशी असलेला वेळेचा फरक वेगळा असतो, म्हणून पाऊणपटीचे कोष्टक तेथे जसेच्या तसे लागू होणार नाही. आपल्याकडे उधाणाची भरती दुपारी येते, तर ब्रिस्टलच्या बाजूला ती साधारणपणे सकाळी आणि संध्याकाळी येते, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेचा सगळा बेत उलटा करावा लागेल. शिवाय तेथील खाडीत पाण्याची चढ-उतार १४ मीटरपर्यंत जाते. कोकणातील कोणत्याही किनाऱ्याच्या कितीतरी पटींनी ती अधिक आहे. ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलात माणूस रुततो, तेव्हा पाण्यामागे चालत जाऊ नये. तेथील तक्ता हाताशी ठेवून तिथीसह एक वर्ष नोंदी करा, म्हणजे आपल्या गावाचे कोष्टक आपणच तयार कराल.

प्रश्न : समुद्रावरून परतल्यावर कॅमेऱ्याची निगा कशी राखावी? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : काच कोरड्या फडक्याने पुसू नये, मिठाचे कण तिच्यावर ओरखडे काढतात. आधी फुंकणीने वाळू उडवावी, मग ओलसर मऊ कापडाने पुसावे. ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री उघडून गोड्या पाण्याने धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. लेन्स किनाऱ्यावर शक्यतो बदलू नये.

प्रश्न : केवळ निसर्गछायाचित्रणावर पोट भरता येईल का? नोकरी सोडण्याचा विचार करत आहे. (एक वाचक, सांगली)

उत्तर : नोकरी सोडू नये. किनाऱ्याच्या चित्रांतून मला मिळणारे उत्पन्न दिनदर्शिका, हॉटेलांच्या आणि घरगुती निवासांच्या भिंतींसाठी मोठे प्रिंट, आणि अधूनमधून पाच-सहा जणांना बरोबर नेऊन शिकवणे यांतून येते. तिन्ही मिळूनही घर चालत नाही. चित्राचे पैसे न देता ‘आपले नाव छापू’ असे सांगणारे अनेक भेटतील. त्यांना नम्रपणे नकार द्यावा, कारण आपण फुकट दिलेले चित्र दुसऱ्या छायाचित्रकाराचेही काम काढून घेते.

माझे जमून आले ते पंचांगामुळे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त नसतात आणि पौषातही नसतात. लग्नाच्या छायाचित्रकाराला हे महिने पूर्वी नुसते मोकळे जात. माझ्यासाठी त्यांतच पावसाळी समुद्र, आश्विन-कार्तिकातले धुतलेले आकाश आणि हिवाळ्याच्या स्वच्छ पहाटा आल्या. आपल्या नोकरीतही असे मोकळे दिवस असतील, ते आधी शोधा. सांगलीहून जो किनारा एका रात्रीच्या प्रवासात गाठता येतो असा एकच निवडा आणि वर्षभर तेथेच जा, दर महिन्याला वेगळ्या तिथीला. यंदाच्या पौषातील संकष्टीला मी वेळणेश्वरच्या त्याच खडपावर असेन. दुपारी साडेचारपर्यंत किनाऱ्यावर पोहोचा, पाणी उतरून वाट सुकली की खडपावर जाऊ. ट्रायपॉड आणि वही बरोबर आणा.